तोकडी खोळ

माझ्या धाकट्या बहिणीने कापड तोकडे कापले, हे वाक्य लिहितानाही मला ते खोटे वाटते. तिला ओळखणाऱ्या कुणालाही विचारून पाहा. तो म्हणेल, सूर्य पश्चिमेला उगवला असे सांगा, एक वेळ पटेल.

शाळेच्या फाटकासमोर तिचे शिवणाचे दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खोली. दोन मशिनी, कापड कापायचे मोठे टेबल, आणि भिंतीवरच्या खुंट्यांना लटकणारे अर्धवट शर्ट. कुणाला बाही नाही, कुणाला कॉलर नाही. टेबलाची एक कड तिने इतकी वर्षे पोट टेकून गुळगुळीत केली आहे. शाळेतली निम्मीअधिक मुले तिच्या हातचे गणवेश घालतात, आणि त्यांच्या आयांमध्ये तिची एकच ख्याती आहे: हिच्याकडचा कपडा पोराला लहान होत नाही. प्रत्येक शिवणीत, प्रत्येक काठाला ती आतून कापड सोडते, ते दुमडते आणि कच्च्या टाक्याने धरून ठेवते. पोर वाढले की टाका उसवायचा, की झाला कपडा मोठा.

"ताई, एवढा ढगळ? पोरगं आत हरवेल माझं," एखादी आई तक्रार करते.

"हरवू दे. सापडेल तेव्हा बरोबर बसेल," ही मान वर न करता म्हणते. "पोर वाढतं बाई, कापड वाढत नाही."

मी हिशेब खात्यात नोकरी केली, आता निवृत्तीला आलो आहे. ऑफिस सुटले की घरी जाण्याआधी तिच्या दुकानातल्या स्टुलावर थोडा वेळ टेकायचे, हा माझा जुना शिरस्ता. मी वर्तमानपत्र वाचतो, ती मशीन चालवते. बोलणे फारसे होत नाही, पण तिथे टेकल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

तिला एकच मुलगी, गोटी. जन्मली तेव्हा गोल गुटगुटीत होती म्हणून गोटी. पुढे ती अशी काही सरळसोट वाढली की नावाचा आणि मुलीचा संबंधच उरला नाही. आमचे मेव्हणे लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. आठपंधरा दिवसांनी घरी आले की दारातच थबकतात आणि म्हणतात, "पत्ता बरोबर आहे ना? मागच्या खेपेला इथं एक लहान मुलगी राहायची."

ही गोटी शाळेत पोल व्हॉल्ट करते. लांब, लवचीक पोल हातात धरून धावत यायचे, त्याचे टोक जमिनीत बसवलेल्या पत्र्याच्या खोबणीत रोवायचे, पोल कमानीसारखा वाकला की त्याच्या उसळीबरोबर वर जायचे आणि आडव्या दांडीवरून पलीकडच्या जाड गादीवर पडायचे. हे आता मी इतक्या सहज लिहितो आहे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या हातातले वर्तमानपत्र खाली पडले होते. बहिणीने तर सरळ खेळाच्या सरांना जाऊन विचारले होते, "माणसाची पोर आहे का गोफणीतला दगड?"

पण माणूस कशालाही सरावतो. गोटीकडे शाळेचा निळा पोल होता. दोन वर्षे ती त्यावरच उड्या मारत होती आणि एकदाही तिला साधे खरचटले नव्हते. त्या निळ्या पोलची खोळसुद्धा माझ्या बहिणीनेच शिवली होती, जाड ताडपत्रीच्या कापडाची. हळूहळू ती त्या पोलविषयी घरातल्या माणसासारखी बोलू लागली. "त्याला उन्हात ठेवू नकोस गं," असे काहीतरी.

एके संध्याकाळी खेळाचे सर दुकानात आले. ठेंगणे, रुंद, आणि दिवसभर मैदानावर ओरडून घसा कायमचा बसलेला. त्यांच्या हातात सुतळीचे भेंडोळे होते.

"ताई, एक खोळ हवी. हे माप."

बहिणीने सुतळीचे एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरले आणि मला म्हणाली, "दादा, ओढ रे दुसरं." मी ओढत गेलो. दार ओलांडले, पायरी उतरलो, फुटपाथवर आलो तेव्हा कुठे गाठ लागली.

"सर, माप चुकलं," ती आतून म्हणाली. "निळ्याची खोळ माझ्याच हातची आहे. त्यात माझं कापड दारापर्यंतसुद्धा गेलं नव्हतं."

"हे निळ्याचं नाही ताई. नवा पोल आलाय, त्याहून लांब, त्याहून कडक. गोटीला आता त्याच्यावर न्यायचंय."

बहिणीने सुतळी सोडून दिली. गोटीने घरी यातले अक्षरही सांगितले नव्हते.

"कशाला?" ती म्हणाली. "निळा काय वाईट आहे?"

सर स्टुलावर बसले. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पट्टी काढून दोन्ही टोकांनी वाकवली. "हे बघा. गोटी पहिल्यासारखी नाही राहिली. अंग भरलंय, धाव वाढलीय. ती आली की निळा असा होतो." पट्टी जवळजवळ दुमडली. "दिसायला छान दिसतं. पण मऊ पोल म्हणजे सोपा पोल नव्हे. तो आता तिला पुरत नाही. कधीतरी दगा देईल."

"दोन वर्षं नाही दिला."

"दोन वर्षांपूर्वी ही गोटी नव्हती ताई, दुसरी होती."

मला सरांचे बोलणे पटले नाही, हे इथेच सांगतो. जी वस्तू सवयीची, ती सुरक्षित. मोठी वस्तू धोक्याची. आयुष्यभर मी याच समजुतीवर चाललो होतो. बहिणीचेही तेच. तिने माप लिहून घेतले खरे, पण सर गेल्यावर ती बराच वेळ त्या सुतळीकडे पाहत उभी होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी आम्ही ते पाहिले. दुकानाच्या दारातून शाळेचे मैदान सरळ दिसते. गोटी नवा पोल घेऊन उभी होती. पिवळा होता तो. तिच्या हातात तो इतका लांब दिसत होता की मला उगाचच शिडी आठवली. ती धावली. टोक खोबणीत गेले. आणि पोल वाकलाच नाही. निदान निळा वाकायचा तसा नाही. गोटी निम्म्या वाटेवर चढली आणि तिथेच थांबली. हवेत थांबलेला माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पुढे जाईना, खाली येईना. मग पोलनेच निर्णय घेतल्यासारखा तो मागे कलला आणि तिला घेऊन आला त्या वाटेने परत आडवा झाला. गादी पलीकडे राहिली. गोटी अलीकडे, धावायच्या कडक पट्टीवर, टाचांवर आदळली आणि मागे बसली.

बहीण हातात कात्री घेऊन दारात उभी होती. कात्री उघडी होती, तशीच राहिली.

मैदानावर गोटी उठली, कपडे झटकले आणि चक्क हसली. सरांचा बसका आवाज रस्ता ओलांडून आमच्यापर्यंत आला: "पकड खाली घे! धाव अजून मागून! घाबरून वेग तोडलास की तो मागेच टाकणार!"

त्या रात्रीच्या जेवणाला मीही तिथेच होतो.

"आई, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच मागे टाकतो गं तो."

"टाकतो? आणि तरी तू परत जाणार?"

"हळूहळू पटेन मी त्याला."

"पटायला तो काय नवरामुलगा आहे?"

"मामा, तू तरी सांग ना हिला."

मामाने ताटात पाहिले. डोळ्यांसमोर अजून ती हवेत थांबलेली होती.

पुढचे काही दिवस बहिणीने दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून ठेवले. उजेड येत नाही म्हणून दिवा लावायची, पण शटर वर करीना. खालच्या फटीतून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसत. मी मात्र रोज फाटकाशी थांबून बघत होतो. गोटी आणखी एकदा मागे पडली. मग एकदा कशीबशी गादीच्या काठाला लागली. आणि एका संध्याकाळी तिने पकड खाली घेतली, पार मागून धावत आली आणि पिवळा पोल वाकला. थोडासाच, पण वाकला. आणि त्याने गोटीला असे अलगद पलीकडे नेऊन ठेवले की मैदानावरची मुले ओरडली.

मी वाकून शटरखालून दुकानात शिरलो. "अगं, जमलं तिला."

बहिणीने मशीनवर पाय आणखी जोरात दाबला. टेबलावर नव्या खोळीचे कापड पसरलेले होते.

स्पर्धेचा दिवस उजाडला. शाळेच्या फाटकाशी बस उभी होती, मुले खिडक्यांतून लोंबकळत होती. सरांचा एक नियम होता: खोळीशिवाय पोल बसच्या टपावर चढवायचा नाही. टपाच्या लोखंडी गजांवर पोल घासला, त्याला बारीकसा जरी ओरखडा पडला, तरी तो पुढे कधी मोडेल सांगता येत नाही. बहीण नवी खोळ घेऊन आली. सरांनी आणि गोटीने मिळून पिवळा पोल आत सरकवायला सुरुवात केली. सरकत सरकत गेला आणि थांबला. खोळ संपली होती. पोल संपला नव्हता. हातभर पिवळे टोक उघडे बाहेर राहिले होते.

बसमधली मुले वाकून त्या टोकाकडे बघू लागली. त्यातल्या किती जणांच्या अंगावर तिनेच वर्षभराची वाढ धरून शिवलेले कपडे होते.

"ताई," सर म्हणाले, "कमी पडली."

"माप लिहिण्यात चुकलं असेल," ती म्हणाली. खाली बघत.

आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केले. दुसरे काही मनात यायला जागाच नव्हती. मी म्हणालो, "सर, टोकाला चादर गुंडाळू या ना."

"गेल्या वर्षी दुसऱ्या एका पोलला चादरच गुंडाळली होती. वाटेत सुटली. पोल पोचला तेव्हा फेकून द्यायच्या लायकीचा झाला होता." त्यांनी बसच्या आत पोल घालता येतो का, तेही पाहिले, तो दारातच अडला. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. शेवटी दोन मुलांनी पिवळा पोल उचलून सामानाच्या खोलीत परत नेला.

"निळ्यावर मारते मी," गोटी म्हणाली. चेहरा पडला होता, पण आवाज साधा होता.

"खालच्या उंच्या फक्त," सर म्हणाले. "आणि धाव आखूड. ऐकतेस ना?"

माझी बहीण अशा स्पर्धांना कधी येत नसे. त्या दिवशी तिने दुकानाला कुलूप लावले आणि म्हणाली, "दादा, आज मी पण येते." बसमध्ये माझ्या शेजारी बसली, आणि कित्येक दिवसांनी मी तिला मोकळा श्वास घेताना पाहिले. मला वाटले, पोरीचा खेळ बघायला मिळणार म्हणून खूश आहे.

स्पर्धेचे मैदान मोठे होते, बसायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. गोटीने खालच्या उंच्या लीलया पार केल्या. दर उडीला निळा पोल दुमडल्यासारखा वाकायचा आणि ती गादीच्या पार मागच्या टोकाला जाऊन पडायची. शेजारचा कुणीतरी म्हणाला, "वा, काय जोर आहे!" बहिणीने अभिमानाने माझ्याकडे पाहिले.

दांडी वर सरकली. आता चारच मुली उरल्या. पहिल्या तिघींना वरच्या स्पर्धेत जागा होती. सर कडेला उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत होते: आखूड, आखूड. पण गोटी पट्टीच्या टोकापर्यंत मागे गेलेली मी पाहिली. चौथी कोण होणार हे तिलाही दिसत होते.

ती पूर्ण वेगाने आली. निळा वाकला, वाकला, आणि आवाज झाला.

तो आवाज मी कसा सांगू? टायर फुटतो तसा म्हणावा तर त्यात टायरचा जाडपणा नव्हता. कोरडा, उघडा आवाज होता. पोलचे तुकडे झाले. एक तुकडा गरगरत परीक्षकांच्या टेबलापर्यंत गेला. गोटी वर असताना तिच्या हातात नुसते हातभर नळकांडे उरले होते, आणि तिच्याखाली काहीच नव्हते. ती पाठीवर पडली. धड गादीच्या काठावर, एक पाय बाहेर.

बहीण किंचाळली नाही. मी वळून पाहिले तर ती जागेवर नव्हती. पायऱ्या उतरून ती धावपट्टीवरून सरळ चालत निघाली होती. "बाई, पट्टीवरून नाही, बाई!" परीक्षक ओरडत होते. तिला ते ऐकू गेले असेल असे वाटत नाही.

मी पोचलो तेव्हा गोटीने डोळे उघडले होते. हनुवटी फुटली होती, तळहाताची सालटी निघाली होती.

"आई," ती म्हणाली, "दांडी पडली का गं?"

हातपाय हलवून बघितले, मान बघितली. सगळे शाबूत होते. डॉक्टरांनी हनुवटीला पट्टी लावली. मग एक परीक्षक आले आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला वाटले, हे लोक वेडे आहेत.

"पोल मोडला तर तो प्रयत्न धरत नाहीत. तिला पुन्हा उडी मारता येईल. दुसरा पोल आणा."

"मारते मी," गोटी उठून बसत म्हणाली. "डॉक्टर, मारू ना?"

"दुसरा पोल नाही," सर म्हणाले. "आणि परक्या शाळेच्या पोलवर, या हाताने, मी तुला चढवणार नाही. झालं आजचं." ते खाली बसून निळे तुकडे गोळा करू लागले.

बहिणीने त्यांना विचारले, "पिवळा इथे असता, तर?"

सर रागावलेले नव्हते. थकलेले होते फक्त. "पिवळा असता तर हा मोडलाच नसता ताई. ही निळ्याला हात कशाला लावती?"

बहीण तिथेच, गादीच्या काठावर बसली.

"माप बरोबर लिहिलं होतं मी," ती म्हणाली. "खोळ मुद्दाम तोकडी कापली."

सरांच्या हातातला तुकडा तसाच राहिला. मला वाटले, मी चुकीचे ऐकले. मी म्हणालोसुद्धा, "काय बोलतेस तू?"

"मला वाटलं, पिवळा आलाच नाही तर पोर जुन्यावर मारेल, सांभाळून परत येईल." ती गोटीकडे पाहत नव्हती. "मला तो मागे टाकणारा दिसला होता. हा मोडणारा नाही दिसला."

गोटी तिच्याकडे बघत राहिली. ती रडेल असे मला वाटले, चिडेल असेही वाटले. ती हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांच्या पोरांना वाढायला कापड सोडतेस. मला एकटीलाच नाही?"

गोटी चौथी आली. वरच्या स्पर्धेची वाट त्या वर्षापुरती बंद झाली. शाळेचे एक वर्ष अजून उरले होते, एवढाच दिलासा. परतीच्या बसमध्ये ती मैत्रिणींमध्ये मागे बसली. बहीण माझ्या शेजारी होती. आख्ख्या वाटेत ती एकच वाक्य बोलली: "दादा, मी कापताना माझा हात जरासुद्धा थरथरला नाही रे." त्याचाच तिला सर्वांत जास्त धक्का बसला होता, असे मला वाटते. मला तर अजूनही बसलेला आहे.

मेव्हण्यांना फोनवर सगळे कळले. विनोद करणारा माणूस, पण त्या दिवशी नुसते म्हणाले, "मी येतो," आणि गाडी कुठेतरी सोडून आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी दुकानात गेलो तर शटर पूर्ण वर होते. टेबलावरून ताडपत्रीचे कापड निघाले होते, दार ओलांडून, पायरीवरून फुटपाथवर आले होते. तिथे गोटी बसली होती. एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातात कापडाचे टोक ताणून धरलेले. आईशी ती अजून बोलत नव्हती. पण टोक सोडत नव्हती.

"गोटे, ताण जरा," आतून आवाज आला. गोटीने ताणले.

ताडपत्री जाड होती, मशीन कण्हत होते. खोळ झाली तेव्हा बहीण मला म्हणाली, "सरांना बोलव." सर पिवळा पोल घेऊनच आले. तिघांनी मिळून तो आत सरकवला. सरकत गेला, पार आत गेला, आणि पुढे बरेचसे कापड रिकामे लोंबत राहिले.

सर त्या लोंबत्या टोकाकडे पाहत म्हणाले, "ताई, आता जास्त झाली की."

"होऊ दे." बहिणीने सुई दोरा घेतला, रिकामे टोक आत दुमडले आणि पायरीवर बसून हातानेच कच्चा टाका घालू लागली. दोनतीन टाके घालून झाल्यावर तिने मान वर न करता विचारले, "ह्याच्या पुढचाही असतो ना?"

"असतो," सर म्हणाले.

ती पुन्हा टाके घालू लागली. बारीक, जवळजवळ. कच्चा टाकाही तिला घट्ट घालायची सवय आहे.

गोटी वाकून ते बघत होती. हनुवटीच्या पट्टीमुळे तिचे तोंड नीट उघडत नव्हते.

"आई," ती म्हणाली, "टाके लांब घाल. लवकर उसवायचेत."